नवी पेठेतला लिंकन सेट: फ्रेम झकास, मजकूर मात्र बदलून घ्या

सोलापुरात शाळेच्या ऑफिसात जा, एखाद्या अभ्यासिकेत जा, नाहीतर वकिलांच्या चेंबरमध्ये. भिंतीवर कुठे ना कुठे अब्राहम लिंकन भेटतोच. शाळेत त्याचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र असतं, अभ्यासिकेत अपयशांची यादी आणि चेंबरमध्ये झोपडीपासून व्हाइट हाउसपर्यंतचा जीवनपट. नवी पेठेतल्या एका फ्रेमच्या दुकानात हे तिन्ही एकत्र, सेट म्हणून मिळतात. शिक्षकदिनाच्या आधी आणि स्नेहसंमेलनांच्या हंगामात भेट म्हणून त्यांना मागणी असते. या परीक्षणात फ्रेमची कारागिरी आणि फ्रेममधला मजकूर, दोन्ही तपासले आहेत.

निकाल आधीच सांगतो. फ्रेमचं काम चोख आहे. मजकूर मात्र जसा आहे तसा घेऊ नये. सुदैवाने दुकानदार गिऱ्हाइकाचा मजकूर त्याच मापात, त्याच पट्टीत छापून देतो. त्यामुळे सेट घ्याच, पण दुकानात जाताना नीट मजकूर सोबत न्या. तो कोणता, हे पुढे येतंच.

आधी वस्तू. पत्र आणि यादी १२ बाय १८ इंचात आहेत, जीवनपट १८ बाय २४ मध्ये. दोन लहान प्रिंट ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डवर, वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशन टाळलंय हे बरं केलं, कारण ट्यूबलाइटसमोरच्या भिंतीवर ग्लॉसी प्रिंट वाचताच येत नाही. पट्टी एक इंची सिंथेटिक, काच २ मिलिमीटरची, मागे हार्डबोर्ड आणि कडेने ब्राउन टेप. फ्रेम हातात आल्यावर चारही कोपऱ्यांवरून नख फिरवून बघा. ४५ अंशाचा कट बरोबर असेल तर नख अडकत नाही. मग फ्रेम उजेडाकडे धरा; कोपऱ्यातून उजेडाची रेघ दिसली तर तो सांधा वर्षभरात उघडणार. तपासलेल्या सेटमधल्या दोन्ही फ्रेमचे आठही कोपरे बंद होते.

पैशाचा हिशोब रनिंग फुटावर होतो, तो समजून घ्या म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. १२ बाय १८ चा घेर ६० इंच, म्हणजे ५ फूट. त्यात कोपरे कापण्यात जाणारी पट्टी धरायची: पट्टीच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे एक इंची पट्टीला ८ इंच. दुकानदाराने पावणेसहा-सहा फूट धरले तर तो जास्त लावत नाहीये. चारही बाजूंनी दोन इंचांचा माउंट (प्रिंट आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) घातला की माप १६ बाय २२ होतं आणि घेर ६ फूट ४ इंच. (लिंकनची उंचीही नेमकी तेवढीच होती.) माउंटचे पैसे वाचवू नका. माउंट नसेल तर प्रिंट काचेला टेकतो, पावसाळ्यात आतल्या दमटपणाने जागोजागी चिकटतो आणि ओले डाग पडल्यासारखं दिसायला लागतं. हे डाग नंतर निघत नाहीत.

सेटमधला कच्चा दुवा म्हणजे मोठा तक्ता. तो ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) विनाइल चिकटवून दिलाय, फ्रेमशिवाय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या छताची खोली किंवा पश्चिमेची भिंत असेल तर सनबोर्ड धनुष्यासारखा वाकतो आणि विनाइल कडेने सुटतं. थेट उन्हात रंगही उडतात. पिवळा आणि लाल आधी जातात, उरतो तो निळसर चेहरा. हा तक्ता वेगळी फ्रेम करून घ्या किंवा निदान चारही कडांना ॲल्युमिनियमची चॅनेल मारून घ्या.

आता मजकूर.

पत्रापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त विकलं जातं ते हेच. मुलाला काय शिकवा हे हेडमास्तरांना सांगणारं हे पत्र मराठीत इतकं सुंदर उतरलंय की पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ते तोंडपाठ आहे. पण ते लिंकनने लिहिलेलं नाही. त्याच्या हातचं मूळ कधी सापडलेलं नाही. लिंकनची पत्रं, भाषणं आणि टिपणं अभ्यासकांनी चिठ्ठ्याचपाट्यांसकट गोळा केली आहेत, त्यांतही ते नाही. काही छापील प्रतींवर खाली १८३० साल असतं. १८३० मध्ये लिंकन एकवीस वर्षांचा होता आणि आईबापांबरोबर बैलगाडीतून नुकताच इलिनॉयला आला होता. त्याचं लग्न झालं ४ नोव्हेंबर १८४२ ला आणि थोरला मुलगा रॉबर्ट जन्मला १ ऑगस्ट १८४३ ला. नसलेल्या मुलासाठी हेडमास्तरांना पत्र कोण लिहील?

याचा अर्थ ते पत्र भिंतीवरून काढून टाका असा नाही. मजकूर मुलांना आवडतो, शिक्षकांना आवडतो, तर राहू द्या. वरचं लिंकनचं नाव, फोटो आणि खालची सही तेवढी काढायला लावा आणि ‘लेखक अज्ञात’ असं छापून घ्या. दुकानदाराला हा पाच मिनिटांचा बदल आहे.

आणि लिंकनचंच खरं पत्र हवं असेल, तर याहून चांगलं, विद्यार्थ्यासाठीच लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. रॉबर्टने १८५९ मध्ये हार्वर्डची प्रवेशपरीक्षा दिली आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. वर्षभर एक्झेटरच्या शाळेत तयारी करून १८६० मध्ये त्याला प्रवेश मिळाला. पण त्याचा मित्र जॉर्ज लेथम त्या वर्षी नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, घरी माणसांची रीघ लागलेली. तरी २२ जुलै १८६० ला त्याने या पोराला पत्र लिहिलं. एकदा प्रयत्नाला लागलास तर आता माघार घेऊ नकोस. कॉलेजचे प्रमुख सज्जनच असणार, त्यांना जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते तेच सांगतील. आणि आत्ता नापास झालास म्हणून, सहज प्रवेश मिळालेल्या कितीतरी मुलांपेक्षा तू पुढे मोठा विद्वान होणार नाहीस असं यातून मुळीच सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय आहे. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागलेल्या दिवशी अभ्यासिकेत मान खाली घालून बसलेल्या मुलाने वाचावं असं हे पत्र आहे. लांबीही बेताची. लिंकनच्या लिखाणावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे शाळेतल्या इंग्रजीच्या बाई किंवा सर यांच्याकडून अनुवाद करून घेता येतो. १२ बाय १८ मध्ये २२ पॉइंटात ते आरामात बसतं.

दुसरी फ्रेम, अपयशांची यादी. ही अभ्यासिकांमध्ये हमखास असते आणि सेटमधली सगळ्यात चुकीची वस्तू हीच. साल आणि अपयश, साल आणि अपयश अशी ती उतरत जाते आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘१८६० राष्ट्राध्यक्ष’. एकेक ओळ तपासून पाहिली तर अर्धी यादी गळते.

‘१८३१ धंद्यात अपयश’ ही पहिलीच ओळ घ्या. १८३१ मध्ये लिंकनचा स्वतःचा धंदाच नव्हता. तो इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावात दुसऱ्याच्या दुकानात नोकर होता. ‘१८३२ विधानसभेत पराभव’ हे खरं आहे. तेरा उमेदवारांत तो आठवा आला. पण त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली होती, आणि प्रचाराचा बराचसा काळ तो ब्लॅक हॉक या मूळनिवासी सरदाराविरुद्धच्या लष्करी मोहिमेवर होता. तेवीस वर्षांच्या, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेल्या पोराला गावाने असं उचलून धरलं, ही बातमी त्या पराभवापेक्षा मोठी आहे. १८३३ चं दुकान बुडालं हे खरं. भागीदार बेरी १८३५ मध्ये वारला आणि दोघांचंही कर्ज लिंकनने आपल्या अंगावर घेतलं. ते फिटायला वर्षं लागली, पण फेडलं. गावातल्या व्यापाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला तो यामुळे. यादीत ‘दिवाळे’ एवढा एकच शब्द आहे.

मग येते ‘१८३६ मानसिक विकार’ ही ओळ. ही ओळ बघाच, कारण १८३६ हे लिंकनच्या तरुणपणातलं सगळ्यात चांगलं वर्ष म्हणता येईल. त्या वर्षी तो विधानसभेवर दुसऱ्यांदा निवडून आला आणि ९ सप्टेंबरला त्याला वकिलीची सनद मिळाली. उदासीचा जो अतिशय वाईट काळ त्याच्यावर आला तो जानेवारी १८४१ मध्ये, मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडल्यानंतर. ती उदासी खरी होती, मित्रांना त्याच्या जिवाची काळजी वाटत होती. ज्याला खरोखर अंधारातून जावं लागलं त्याच्या आयुष्यातलं ते वर्ष तरी बरोबर छापायला हवं.

मुख्य म्हणजे ही यादी त्याचं यश लपवते. १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० अशा चार निवडणुका लिंकन ओळीने जिंकला. चारांपैकी एकही ओळ फ्रेममध्ये नाही. ‘१८४३ काँग्रेसमध्ये पराभव’ ही अमेरिकी संसदेची निवडणूक त्याने लढवलीच नव्हती, पक्षाचं तिकीट दुसऱ्याला गेलं होतं. ‘१८४८ पुन्हा पराभव’ तर नाहीच: त्या मतदारसंघातल्या व्हिग (लिंकनचा तेव्हाचा पक्ष) पुढाऱ्यांमध्ये एकेक मुदत वाटून घ्यायचं ठरलं होतं आणि लिंकनने आपली मुदत पुरी केली. १८५६ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव दुसऱ्यांनीच अधिवेशनात मांडलं. तो तिथे नव्हता, इलिनॉयमध्ये कोर्टाच्या कामात होता. तरी ११० मतं पडली.

सिनेटच्या दोन ओळींना तळटीप हवीच. तेव्हा सिनेटर थेट जनतेच्या मतांनी निवडला जात नसे. आपल्याकडे आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात तसं तिथली विधानसभा निवडत असे. १८५५ मध्ये पहिल्या फेरीत लिंकनच पुढे होता. बहुमत मात्र जुळेना. आपण अडून बसलो तर गुलामगिरी पसरवायला मोकळीक देणाऱ्या कायद्याच्या गोटातला माणूस निवडून येईल हे दिसल्यावर त्याने आपली मतं लायमन ट्रंबलकडे वळवली आणि ट्रंबल निवडून आला. याला हार म्हणायचं का, हे वाचणाऱ्याला ठरवू द्या, पण घडलं काय ते तरी छापा. १८५८ च्या निवडणुकीत स्टीफन डग्लसला विधानसभेत ५४ मतं मिळाली, लिंकनला ४६. त्याआधी दोघांचे सात जाहीर वादविवाद झाले. पहिला बोलणार एक तास, दुसरा दीड तास, मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास. एकूण तीन तास लोक उभ्याने ऐकत. ती भाषणं वर्तमानपत्रांनी जवळजवळ शब्दशः छापली आणि त्यामुळेच लिंकनचं नाव राज्याबाहेर गेलं.

तेव्हा या यादीची फ्रेम घेऊच नका. तिच्या जागी लेथमचं पत्र लावा. यादीच हवी असा आग्रह असेल तर दोन स्तंभ करून घ्या, डावीकडे हरलेलं, उजवीकडे त्याच वर्षांत जिंकलेलं. दोन्ही स्तंभ भरतात.

जीवनपटाचा तक्ता सगळ्यात मेहनतीने केलेला आहे आणि थोडी दुरुस्ती केली तर तो उत्तम होईल. बारा चौकटी, प्रत्येकात चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. केंटकीतली लाकडी खोपी, १२ फेब्रुवारी १८०९ चा जन्म, १८१८ मध्ये आईचा मृत्यू, शेकोटीच्या उजेडात वाचन. आईच्या मृत्यूचं कारण तक्त्यात ‘आजार’ एवढंच आहे. तो दुधाचा आजार होता: स्नेकरूट नावाची विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन माणसं मरत. दूधदुभत्याच्या घरातल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळेल, ओळीत जागाही आहे. सावत्र आई सारा हिचा मात्र तक्त्यात उल्लेखच नाही. हे खटकतं, कारण ती घरात येताना पुस्तकं घेऊन आली, आणि शाळेत सगळं मिळून जेमतेम वर्षभर गेलेल्या या मुलाच्या वाचनामागे ती उभी राहिली.

चित्रांमधली ठळक चूक दाढीची. सहाव्या चौकटीत लिंकन कोर्टात उभा आहे, काळा कोट, हात वर आणि भरगच्च दाढी. वकिलीच्या सगळ्या काळात लिंकनला दाढी नव्हती. ऑक्टोबर १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला पत्र लिहून दाढी ठेवायला सुचवलं. त्याने १९ ऑक्टोबरला तिला उत्तर पाठवलं आणि निवडून आल्यावर दाढी वाढवली. म्हणजे १८६० पर्यंतच्या प्रत्येक चौकटीत गुळगुळीत चेहरा हवा. १८४६-४७ च्या सुमाराचं त्याचं पहिलं ज्ञात छायाचित्र आणि २७ फेब्रुवारी १८६० ला मॅथ्यू ब्रेडीने काढलेलं छायाचित्र, दोन्ही कॉपीराइटमुक्त आहेत आणि मोठ्या आकारात मिळतात. दाढीवाल्या चौकटींसाठी नोव्हेंबर १८६३ चं अलेक्झांडर गार्डनरचं छायाचित्र घ्या. रंग भरलेली चित्रं टाळा. त्यांतले डोळ्यांचे आणि कातडीचे रंग प्रत्येकाने आपल्या मनाने भरलेले असतात.

तक्त्याचं मोठं नुकसान या सहाव्या चौकटीतच झालंय. खाली एकच ओळ: ‘प्रामाणिक वकील म्हणून नाव कमावले.’ चोवीस वर्षं या माणसाने वकिली केली आणि त्याला एक ओळ! चेंबरसाठी तक्ता घेणाऱ्या वकिलांनी तरी इथे हट्ट धरावा. चौकट दुप्पट रुंद करून घ्या (आठवी आणि नववी एकत्र केली की जागा निघते) आणि खालचा ऐवज त्यात घाला.

एप्रिल १८३७ मध्ये तो स्प्रिंगफील्डला आला. आधी जॉन स्टुअर्टचा कनिष्ठ भागीदार, १८४१ पासून स्टीफन लोगनचा, १८४४ पासून विल्यम हर्नडन त्याचा कनिष्ठ. दाव्याची मांडणी काटेकोर कशी करायची ते तो लोगनकडे शिकला. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आठव्या सर्किटच्या (म्हणजे फिरत्या कोर्टाच्या) न्यायाधीशाबरोबर गावोगाव फिरायचं, रात्री खानावळीत एका पलंगावर दोघं झोपायचं, सकाळी पोचल्या गावात अशील भेटेल ते काम घ्यायचं. एका फेरीत आठ-दहा आठवडे जात. बहुतेक कामं उसनवारी, वचनचिठ्ठ्या, जमिनीचे तंटे आणि गुरांची नुकसानभरपाई. फी पाच ते वीस डॉलर. कागद टोपीत ठेवायची त्याची सवय. टेबलावरच्या एका गठ्ठ्यावर तर त्याने लिहून ठेवलं होतं की दुसरीकडे कुठे सापडलं नाही तर यात बघा. नव्या वकिलांसाठी केलेल्या टिपणात त्याने जमेल तिथे पक्षकारांना तडजोडीला लावा, खटले वाढवू नका असं बजावलंय. लोकअदालतीच्या दिवशी चेंबरच्या भिंतीवर हे वाक्य शोभून दिसेल.

खटले निवडायचे तर तीन पुरे. पहिला १८५८ चा, डफ आर्मस्ट्राँगवरचा खुनाचा. साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास चांदण्यात दीडशे फुटांवरून मी सगळं पाहिलं. लिंकनने पंचांग पुढे केलं: त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. तक्त्यात काही जण ‘अमावस्या होती’ असं छापतात, ते चूक आहे. चंद्र होता, पण क्षितिजाजवळ होता. दाते पंचांग ज्या गावातून निघतं तिथे हा फरक समजावून सांगावा लागू नये. आर्मस्ट्राँगची विधवा आई जुन्या ओळखीची, म्हणून लिंकनने फी घेतली नाही.

दुसरा खटला इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा. कौंटीला (म्हणजे जिल्ह्याला) रेल्वेवर कर लावता येतो का, हा प्रश्न. लिंकन रेल्वेकडून लढला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि ५,००० डॉलरची फी मागितली. कंपनीने खळखळ केल्यावर त्याने कंपनीवरच दावा लावून ती वसूल केली आणि अर्धी हर्नडनला दिली. ‘गरिबांचा वकील’ एवढंच चित्र डोक्यात असलेल्यांना हे माहीत असायला हवं: तो आपल्या कामाचा रास्त मोबदला मागणारा, रेल्वेची कामं करणारा आघाडीचा वकील होता. मिसिसिपीवरच्या पहिल्या रेल्वेपुलाला १८५६ मध्ये आगबोट धडकली, तेव्हाही तो पूल कंपनीकडून उभा राहिला आणि प्रवाहाच्या वेगाचे आकडे घेऊन ज्युरीला समजावत बसला. ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पूल टिकला. उथळ पाण्यातून बोट वर उचलण्याच्या युक्तीचं पेटंटही त्याच्या नावावर आहे, क्रमांक ६४६९, २२ मे १८४९. पेटंट असलेला तो एकमेव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष.

तिसरा खटला कुणी छापत नाही आणि तोच छापला पाहिजे. १८४७ मध्ये रॉबर्ट मॅटसन नावाच्या मालकाने पळून गेलेलं गुलाम कुटुंब परत मिळावं म्हणून दावा केला, आणि लिंकन त्या मालकाच्या बाजूने उभा राहिला. तो हरला आणि कुटुंब मुक्त झालं. त्याच लिंकनने १८४१ मध्ये नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीची विक्री बेकायदा ठरवून घेतली होती. दोन्ही शेजारी शेजारी छापा. वकील समोर येईल ते वकीलपत्र घेतो आणि माणूस हळूहळू आपल्या मताला येतो, हे त्यातून दिसतं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांशी यावर तासभर बोलता येईल.

उरलेल्या चौकटींच्या दुरुस्त्या चटकन सांगतो. ‘१८६३ मध्ये गुलामगिरी नष्ट केली’ हे अर्धवट आहे. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त यादवी युद्धात बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना लागू होता. लिंकनच्या जन्माचं केंटकी त्यातून बाहेर होतं. देशभरातली गुलामगिरी तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि ६ डिसेंबर १८६५ ला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली, लिंकनच्या मृत्यूनंतर जवळजवळ आठ महिन्यांनी. गेटिसबर्गचं (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवरचं) प्रसिद्ध भाषण रेल्वेत पाकिटावर खरडलं होतं ही दंतकथा आहे. त्याच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आजही आहेत. मृत्यूची तारीख तक्त्यात १४ एप्रिल दिली आहे; गोळी लागली १४ च्या रात्री, मृत्यू झाला १५ एप्रिल १८६५ ला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी.

तळाला रिकामी पट्टी आहे, सध्या तिथे वेलबुट्टी छापतात. तिथे आपल्या भागाची एक ओळ घ्या. लिंकन निवडून आला त्याच १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली. १८६१ मध्ये त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. तिथलं यादवी युद्ध संपताच ते कोसळले. आपली ‘जुनी मिल’ सुरू झाली १८७७ मध्ये. त्याच्या जोडीला महात्मा फुल्यांची ओळ घ्या: १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. या दोन ओळींनी सोलापूरच्या वर्गातला मुलगा तक्त्यापाशी थांबेल.

मजकूर देताना तो युनिकोडमध्ये टाइप करून द्या आणि प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवर नाही. डीटीपीवाला तो जुन्या फाँटमध्ये फिरवतो तेव्हा ‘स्प्रिंगफील्ड’मधली वेलांटी उडी मारते, ‘ॲ’ च्या जागी चौकोन येतो आणि ‘र्‍य’ फुटतो. या तीन जागा आणि सगळे आकडे बोट ठेवून वाचा. प्रूफ पास झाल्यावर मजकूर कर्व्ह करून (अक्षरांची चित्रं बनवून) फाइल छपाईला पाठवायला सांगा, म्हणजे पुढच्या मशीनवर अक्षरं बदलत नाहीत. फोटो आठ इंच रुंद छापायचा तर २,४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवलात तर तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तक्त्याचं शीर्षक दहा फुटांवरून वाचता यायला अक्षर निदान इंचभर उंच ठेवा.

दुकानाची एकच तक्रार: मुदत पाळली जाते, पण फोनवर दिलेली दुरुस्ती विसरतात. दुरुस्त्या प्रूफवरच लाल पेनाने लिहून, सही करून द्या. संक्रांतीच्या आठवड्यात नंदीध्वजांच्या मिरवणुकांमुळे अर्धं शहर रस्त्यावर असतं, त्यामुळे १२ फेब्रुवारीच्या जयंतीला फ्रेम हवी असेल तर ऑर्डर डिसेंबरमध्येच टाका. टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहिली की मागून वारा खेळतो आणि हार्डबोर्डला वाळवी लवकर लागत नाही. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगूच नका.